पॉइंटमावशीचा ट्रॅक्टर

गावात कोणाकडे लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि दुसरी पॉइंटमावशीच्या हातात द्यायची, असा आमच्याकडे रिवाजच पडून गेला होता. मावशी ती पत्रिका वाचायची नाही. वाचता येत होतं, पण चष्मा कायम घरी राहिलेला असायचा. ती पत्रिका अंगठा आणि तर्जनी यांत धरायची, जरा चोळायची, एक कोपरा वाकवून बघायची आणि निकाल द्यायची, "ही बरी हाय. जाड हाय." किंवा, "काय गो, एवढी पातळ काढलीत? वाऱ्यावर उडेल ना!" नवख्या माणसाला वाटायचं, बाई लग्नाचं भविष्य सांगते आहे. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात तिच्या डोक्यात मच्छीमार सोसायटीचा ट्रॅक्टर असायचा. त्याच्या पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन दातांमध्ये, नेमकी किती फट ठेवायची हे मोजायला मेकॅनिक लोक पोलादी पट्ट्यांचं गेज वापरतात. मावशी लग्नपत्रिका वापरायची. त्यातली सगळ्यांत बिनचूक निघाली ती तिच्याच लेकीच्या, शकूच्या लग्नाची. कडेला हळद लागलेली, दुसऱ्या बाजूने तेलाने काळी झालेली ती पत्रिका ती कमरेच्या पिशवीत मिश्रीच्या डबीशेजारी बाळगायची.

मावशी मासे विकणारी. नवरा वारलेला, लेक सावर्ड्याला दिलेली, घर किनाऱ्याच्या वाटेवरच. सकाळी होड्या लागल्या की लिलावात मासे घ्यायचे, टोपलीत बर्फ घालून बसायचं, दुपारपर्यंत विकायचे. ट्रॅक्टर दुरुस्त करणं हे काही तिचं काम नव्हतं. पण तो अडला की चालकाने आधी डोकं खाजवायचं आणि मग मावशीच्या टोपलीकडे बघायचं, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. तो चालक पुढे मी झालो.

मी मूळचा पालीकडचा. रत्नागिरीत एका कंपनीची स्टाफ बस पंधरा वर्षं चालवली. बायको शिक्षिका. तिची बदली तिच्याच माहेरच्या गावी झाली. मुरुडपासून फार लांब नसलेलं हे किनाऱ्यावरचं गाव. मी नोकरी सोडून तिच्यामागोमाग आलो. चाळिशीत सासुरवाडीला राहायला आलेला जावई म्हणजे गावाला फुकटची करमणूक. पोरंसोरं, म्हातारीकोतारी, सगळी मला जावयबापू म्हणायची. सोसायटीला ट्रॅक्टरवर माणूस हवा होता. पंधरा वर्षं बस चालवलेल्या माणसाला ट्रॅक्टर काय जड, असं मी सभेत सगळ्यांसमोर बोलून बसलो.

हा ट्रॅक्टर डिझेलचा नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. फार जुना, राखाडी रंगाचा. कुणा बागायतदाराने नांगरणीसाठी आणला होता, त्याच्याकडून सोसायटीकडे आला. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर चालवायचा. पुढे रॉकेल मिळेनासं झाल्यावर नुसताच पेट्रोलवर. पावसाळ्याआधी होड्या वाळूतून ओढून वर घ्यायच्या आणि मग मागच्या खलाटीत, सखल शेतात, भातासाठी चिखलणी करायची, ही त्याची दोन कामं. गाव त्याला 'म्हातारा' म्हणायचं. डिझेलला ठिणगी लागत नाही, ह्याला लागायची. आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ठिणगीच्या वाटेवरची एकही जागा धड राहत नाही.

पहिल्याच सकाळी म्हाताऱ्याने माझी परीक्षा घेतली. हँडल मारून मारून माझा खांदा निखळायची वेळ आली. मी टाकी रिकामी केली, तेलाची नळी फुंकली, कार्बोरेटर उघडून पुसला. भोवती जमलेली माणसं अत्यंत आदराने गप्प होती. तेवढ्यात एक ठेंगणी, सावळी बाई डोक्यावरची टोपली उतरवून पुढे आली.

"जावयबापू, प्लग काढून बघितलात?"

मी बघितला नव्हता. तिने प्लग काढायला लावला, वायरीला जोडून इंजिनाच्या अंगावर आडवा ठेवला आणि मला हँडल मारायला सांगितलं.

"काय दिसला?"

"ठिणगी दिसली."

"कसली?"

"कसली म्हणजे?"

"निळी की पिवळी?"

मी पुन्हा हँडल मारलं. पिवळी होती, मरतुकडी. मावशीने सुस्कारा सोडला. "मग मघापासून तेलाच्या मागे कशाला लागलास? त्याला भरवून उपयोग काय? त्याचे दातच लागत नायत." तिने झाकण उघडून आतले पॉइंट दाखवले. वरखाली मिटणारे दोन बारीक दात, आणि त्यांच्यावर पांढरट खार चढलेला. पॉलिश पेपरचा तुकडा दोनदा फिरवला, कोरड्या फडक्याने पुसलं, पत्रिका आत सरकवून फट बघितली, स्क्रू आवळला. दुसऱ्या हँडलला म्हातारा धडधडायला लागला. मावशीने हात पुसले, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चला जावयबापू, येते मी."

हे तिचं कायमचं होतं. हात स्वच्छ असले की मी जावयबापू आणि अहो-जाहो. हात काळे झाले की मी नुसता 'तू', आणि कधीकधी 'मेल्या'. मीही पहिलं वर्षभर तिला 'तुम्ही' म्हणायचो. 'तू'वर कधी आलो ते कळलंच नाही.

तिची शिकवण्याची रीत एकच होती. काय बिघडलं असेल याचा अंदाज ती करूच द्यायची नाही. "आधी काय बरा हाय ते सांग," म्हणायची. "जे बरा हाय ते एकेक बाजूला काढ. उरेल तो चोर." तेल येतं? मग तेल साव. प्लगला करंट येतो? मग प्लगपर्यंतची वायर साव. एकदा मी घाईला आलो आणि दापोलीहून मेकॅनिक बोलावला. बिचारा चांगला माणूस, पण त्याने प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर तिन्ही एकदमच नवे घातले. ट्रॅक्टर आधी खोकत तरी होता, आता अगदीच गप्प झाला. मावशी पोटभर हसली. "तीन माणसांना एकदम घराभायेर काढलात, आता चोर कोण ते कळणार कसा?" घरी जाऊन ती एक डबा घेऊन आली. सोड्यांचा वास येणाऱ्या त्या डब्यात काढून टाकलेले जुने भाग फडक्यात बांधून ठेवलेले होते. त्यातला एक जुना कंडेन्सर तिने बसवला आणि ट्रॅक्टर सुरू झाला. नवाच कंडेन्सर मुळात खराब निघाला होता. मेकॅनिकने दोन्ही हात जोडले. मावशीने त्याला चार बांगडे बांधून दिले आणि वर बजावलं, "एका टायमाला एकच बदलायचा. कितीही घाई असली तरी."

मी एकदा तिच्याकडे ती पत्रिका मागितली. तिने दिली नाही. "तुझी तू शोध. ही माझ्या हाताची हाय." मी घरातल्या सगळ्या पत्रिका घालून बघितल्या. शेवटी माझ्या मेव्हणीच्या लग्नाची लागू पडली. बायकोने विचारलं, बहिणीच्या लग्नाचा अल्बम का उघडलाय? मी खरं कारण सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.

हे सगळं मावशी शिकली कुठे, हा प्रश्न मला पडला होता. गावातल्या बायका नुसत्या हसायच्या. एका दुपारी ट्रॅक्टरच्या सावलीत बसून मी तिलाच विचारलं.

ट्रॅक्टरचा पहिला चालक तिचा नवरा होता. गाव त्यांना तात्या म्हणायचं, ती 'हे' म्हणायची. एका वर्षी ऐन होड्या ओढायच्या दिवसांत तात्या ट्रॉलीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. प्लास्टर घालून खाटेवर. दुसऱ्या कुणाला ट्रॅक्टरचं काही कळत नव्हतं, आणि नेमका तेव्हाच तो सुरू होईना.

"हे मला बोलले, जा, प्लगला करंट येतो काय ते बघून ये. आता करंट म्हणजे काय ते मला काय म्हायत? घरात तेव्हा वीज पण नव्हती. ह्यांनी शकूची पाटी घेतली आणि चित्र काढून दाखवला. मी गेले, बघितला, परत आले. हे बोलले, आता झाकण उघडून बघ. परत गेले. असे हेलपाटे घातले सांजेपर्यंत. वायरीला हात लागला तर असा झटका बसला की मी वाळूतच बसले! घरी येऊन बोलले, तुमच्या म्हाताऱ्याने मला लाथ मारली. हे हसायलाच लागले. बोलले, लाथ मारली ना? मग जिता हाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. तात्यांना खाटेवर आवाज ऐकू गेला. ती घरी गेली तेव्हा ते उठून बसायची धडपड करत होते.

"मग पाय बरा होईपर्यंत रोज असाच. तो काय बोलला, कसा खोकला, धूर कसला आला, सगळा मी सांगायची आणि हे विचारायचे." मग हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणाली, "लग्नाला अकरा वर्षं झालेली तेव्हा. पण जेवढा त्या दोन महिन्यांत बोललो ना, तेवढा आधी कधीच बोललो नव्हतो. जेवायला वाढू काय, आणि मासे काय आणलेत. तेवढाच असायचा."

तात्या गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावर आली आणि तिने ट्रॅक्टरचे पॉइंट साफ केले. ही गोष्ट मला तिने नाही, माझ्या सासूबाईंनी सांगितली.

मी गावात आल्याला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा सोसायटीच्या चेअरमनने म्हातारा मोडीत काढायचा विषय काढला. चेअरमन म्हणजे दिगू, मावशीच्या दिराचा मुलगा. त्याचं चुकत नव्हतं. भाग मिळत नाहीत, पेट्रोल पीत बसतो, कधी दगा देईल सांगता येत नाही. "काकी, तुझा जीव हाय त्याच्यावर, मला कळतो," तो म्हणाला, "पण गावाने काय करायचा?" मावशी त्याला म्हणाली, "बरोबर बोलतोस." विषय पुढच्या सभेवर गेला.

सभेच्या आधीच मे संपत आला. होड्या वर घ्यायची घाई सुरू झाली. त्या दिवशी अमावास्येची मोठी भरती होती. सकाळपासून मी तीन होड्या ओढून वर नेल्या. चौथी दिगूची. नवीन बांधलेली, पहिल्याच मोसमाची, अजून रंगाचा वास जात नव्हता. ती ट्रॉलीवर चढवली, साखळी लावली, ओल्या वाळूतून निम्मं अंतर आलो आणि ट्रॅक्टर बंद पडला. खोकला नाही, काही नाही. दिवा विझावा तसा गप्प. मागे पाणी चढत होतं.

मी खाली उतरलो. तेल येत होतं. प्लग काढून बघितला, ठिणगीच नाही. पिवळीसुद्धा नाही. पॉइंट साफ केले, फट बघितली, झाकण आतून कोरडं होतं. पुन्हा हँडल मारलं. काही नाही. एक लाट येऊन ट्रॉलीच्या चाकांना लागली. दिगू गुडघाभर पाण्यात होडीला खांदा देऊन उभा होता. त्याचं तोंड मला बघवेना. लाटेने होडी आडवी झाली असती तर ट्रॉलीवरून खाली येऊन तिची बरगडी मोडली असती. ट्रॅक्टरही पाण्यात गेला असता तो वेगळाच.

मावशी टोपली सोडून धावत आली. आली ती आधी मलाच विचारायला लागली.

"सकाळी कसा सुरू झाला?"

"पहिल्या हँडलला."

"मग?"

"तिसऱ्या होडीला एकदा बंद पडला होता. मी घोटभर पाणी प्यायलो, तेवढ्यात परत सुरू झाला."

"आणि आता बघतोस तर करंटच नाय."

"नाही."

तिने हात घालून ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलला तळवा लावला आणि चटका बसल्यासारखा मागे ओढला. "अगो बाय! हा तर तवा झालाय. तापला की रुसतो, निवला की बोलतो. कॉइल गेली रे मेल्या!"

दुसरी कॉइल नव्हती. दापोलीत शोधून आणायची तर दुपार झाली असती, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. दिगू ओरडला, "काकी, आता काय?"

मावशी वळली आणि तिने मासे विकणाऱ्या बायकांकडे बघून अशी हाक मारली की सगळा किनारा दचकला. "गो, बर्फ आणा! सगळा आणा!"

बायका तशाच उठल्या. टोपल्या उचलल्या आणि धावत आल्या. मावशीने प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरला, तोंड घट्ट बांधलं, ती पिशवी कॉइलला लावून वरून गोणपाट गुंडाळलं. पाण्याचा थेंब पॉइंटच्या झाकणावर पडू नये म्हणून दुसरी पिशवी त्याच्यावर बांधली. मग म्हणाली, "आता थांब."

"मावशी, पाणी बघ!"

"पाणी मी बघते. तू हँडलला हात लावू नको."

ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. दहा-बारा माणसं होडीला धरून उभी. ट्रॅक्टरची मागची चाकं पाण्यात. मावशी कॉइलवर हात ठेवून, तापकऱ्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, स्वस्थ उभी. मग तिने मान हलवली. मी प्लग बाहेर ठेवून हँडल मारलं. ठिणगी पडली. निळी! प्लग बसवला, पुन्हा हँडल मारलं आणि म्हाताऱ्याने काळ्या धुराचा एक ढेकर देऊन गर्जना केली. माणसं अशी ओरडली की मला गिअरचा आवाज ऐकू आला नाही.

खरी मजा पुढेच आहे. निम्म्या वाटेवर बर्फ वितळायला लागला आणि इंजिन अडखळलं. मावशी ट्रॅक्टरच्या बाजूने पळत होती. तिने पळता पळता पिशवी बदलली. मग बायकाच सरसावल्या. मी सीटवर, डावीकडे मावशी, तिच्यामागे बर्फाच्या टोपल्या घेतलेल्या सहा-सात बायका ओळीने धावताहेत, एकीची पिशवी संपली की दुसरी पुढे. त्यामागे होडी आणि होडीला टेकलेली माणसं. अशी आमची वरात माडांपर्यंत पोचली. पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि सगळे जिथे होते तिथे वाळूत बसले. हसू कुणाला आवरेना.

बायकांचे मासे मात्र बर्फाविना उघडे पडले होते. एवढ्या उन्हात ते विकले जाणं शक्य नव्हतं. दिगूने सगळ्या टोपल्या आपल्या अंगणात मागवल्या. त्या दुपारी गावात कुणाकडे चूल पेटली नाही. दिगूच्या अंगणात सुरमईचं कालवण आणि तळलेला सरंगा, पंगतीवर पंगती. मावशीला वाढायला दिगू स्वतः उभा राहिला. "काकी, अजून घे." "बस रे, किती वाढतोस? कॉइल मागव आधी." त्याने मुंबईच्या माणसाकडून दोन मागवल्या. एक लावायला, एक ठेवायला. पुढच्या सभेत ट्रॅक्टर मोडीत काढायचा विषय त्याने वाचलाच नाही.

नंतर तीन-चार वर्षांनी मावशीचे गुडघे वाळूत चालेनासे झाले. शकूच्या मुलीचं, म्हणजे मावशीच्या नातीचं, बाळंतपण जवळ आलं होतं. शकू न्यायला आली. "पणतू बघून येते," असं मावशी सगळ्यांना सांगत होती. ती आता सावर्ड्यालाच राहणार, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. पण ती इतकी आनंदात होती की रडायचं कुणाला सुचलं नाही.

फाट्यावर एसटी पकडायची होती. दिगूने गाडी आणली. मावशी गाडीच्या दाराशी गेली, थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जावयबापू, म्हातारा सुरू हाय काय?"

"आहे की. का?"

"मी कधी बसलेच नाय त्याच्यावर."

मला खरंच वाटेना. "एवढ्या वर्षांत?"

"कोण बसवणार? हे चालवायचे तेव्हा मी टोपली घेऊन मागनं चालत असायची. बायको चाकावर बसली तर गाव हसला असता. मग तू आलास. जावयाला कसा सांगायचा, मला फिरव म्हणून?"

मी ट्रॅक्टर घेऊन आलो. चाकावरच्या पत्र्यावर गोधडी घातली. दिगूने आणि शकूने धरून तिला वर चढवलं. नवं लुगडं, केसांत बायकांनी माळलेली अबोली. तिने एका हाताने माझी सीट धरली, दुसऱ्याने पत्रा. आम्ही निघालो. मागून दिगूची गाडी, सामान आणि शकू. वाटेतल्या प्रत्येक घरातून माणसं बाहेर आली. मासळी बाजारातल्या बायका तर आरडाओरडाच करायला लागल्या. मावशीने आधी मान खाली घातली, मग वर केली, मग एका वळणावर तिने पत्र्यावरचा हात सोडला आणि सगळ्यांना दाखवला.

"पडशील," मी म्हणालो.

"पडले तर पडले. जरा देवळावरून घे ना."

देवळावरून घेतलं. मग शाळेवरून घेतलं. माझी बायको मुलांना घेऊन फाटकात उभी होती. एसटी फाट्यावर येऊन थांबली होती. कंडक्टर खाली उतरून आमच्याकडे बघत उभा होता. मावशी उतरली, तिने गोधडीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि खिडकीजवळ जाऊन बसली.

एसटी दिसेनाशी झाली तसा मी ट्रॅक्टर वळवला. वरच्या गिअरला टाकला. फाट्यापासून घरापर्यंत यायला मला दहा मिनिटं लागली. जाताना तासाभराहून जास्त लागला होता.